बाकावरचे नाव

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक सभेपुढे या वर्षी एक ठराव येणार आहे. उपासनामंदिरातील जुने बाक वाळवीने पोखरले आहेत, त्यांच्या जागी सागवानी बाक करून घ्यायचे आहेत, आणि जे कुटुंब एका बाकाचा पूर्ण खर्च, म्हणजे सुमारे १८ हजार रुपये देईल, त्याचे नाव पितळी पट्टीवर कोरून त्या बाकाच्या पाठीवर बसवायचे, असा तो ठराव आहे. ठराव मांडणारी माणसे मी लहानपणापासून ओळखते. त्यांनी मंडळीसाठी पुष्कळ केले आहे आणि बाकांची गरजही खरी आहे. तरीही मी त्या पट्ट्यांना विरोध करणार आहे. सभेत बोलायला पाच मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात जे सांगून होणार नाही, ते येथे लिहिते.

मी अकरा वर्षे या मंडळीची खजिनदार होते. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावची ही मंडळी आहे. कुटुंबे सव्वाशेच्या आसपास. त्यांतील काही शिक्षक, परिचारिका आणि सरकारी नोकर यांची, काही लहान शेतकऱ्यांची, आणि बरीचशी अशी की ज्यांच्या घरी पैसा आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी येतो किंवा येतच नाही. मी स्वतः सहकारी बँकेत नोकरी केली, म्हणून हिशेब माझ्याकडे आला. उपासना संपल्यावर मागच्या खोलीत आम्ही तिघे बसून दानपिशव्या रिकाम्या करीत असू. पिशवीत नाव नसते, परंतु इतक्या वर्षांनी नोटेच्या घडीवरूनही माणूस ओळखू येतो. चौपट घडी घातलेली, घामाने मऊ झालेली दहाची नोट कोणाच्या पदराच्या गाठीतून सुटली असेल, हे मला कळत असे. मासिक वर्गणीत तर नावे असतच. थोडक्यात, कोण किती देतो हे सगळे ठाऊक असलेली मंडळीतील एकमेव व्यक्ती मी होते, आणि मला जे ठाऊक होते ते मी दर तिमाहीला फलकावर लावत होते.

ती यादी सर्वाधिक रकमेपासून सुरू होऊन सर्वांत कमी रकमेवर संपत असे. बँकेतल्या सवयीने मीच ती तशी लावू लागले होते. त्यामागे दुसरा हेतू नव्हता, बेरीज तपासायला सोपी जात असे एवढेच. दोन-तीन वर्षांनी माझ्या लक्षात आले की ज्यांची नावे तळाशी असत ती माणसे फलकाजवळून जातच नाहीत. त्या भिंतीला वळसा घालून बाजूच्या दाराने बाहेर पडतात. हेही लक्षात आले की कमिटीसाठी नावे सुचवायची वेळ आली म्हणजे सुचणारी नावे त्या यादीच्या वरच्या पंधरा ओळींतलीच असतात. मत विकत घेण्याचा प्रकार आमच्याकडे कधी झाला नाही. लोकांच्या डोळ्यांसमोर जी नावे वारंवार येत, तीच त्यांना आठवत.

एका वर्षी जूनमध्ये एका मावशींच्या मुलाचे लग्न ठरले. मावशी दोन घरची धुणीभांडी करीत आणि पावसाळ्यात खुरपणीला जात. आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार उपासनेत सूचना वाचली जाते. मावशींची चौदा महिन्यांची वर्गणी थकली होती. महिना ५० रुपये, एकूण ७०० रुपये. सूचना वाचण्यापूर्वी बाकी चुकती करून घ्यावी, असे कमिटीने ठरवले आणि ते सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते उपासनेनंतर दारातच, आसपासच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. मावशी म्हणाल्या, "ताई, पैशे हायेत. आज निम्मे घ्या, निम्मे बाजारच्या दिशी आनून देते." त्यांनी तिथेच पदराची गाठ सोडली. मी पावती फाडून दिली. सूचना वाचल्या गेल्या, लग्न झाले, उरलेले पैसेही सांगितल्या दिवशी आले. पण त्यानंतर जवळजवळ वर्षभर मावशी प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, पुढे आल्या नाहीत. दर वेळी इतर लोक उठले म्हणजे त्या मागच्या सतरंजीवर मान खाली घालून बसून राहत. शेवटी मी त्यांच्या घरी जाऊन विचारले. त्या म्हणाल्या, "पुन्हा चार म्हयन्याची बाकी झालीय. बाकी फिटंस्तवर मेजाला कसं यावं?"

शास्त्रात असे कोठेही लिहिलेले नाही. आमच्या घटनेतही नाही. ही शिकवण त्यांना आमच्या नोंदवहीने दिली होती, आणि ती वही माझ्या अक्षरात होती.

वर्गणीबद्दल आमची मंडळी इतकी आग्रही का, याला इतिहास आहे, आणि तो सांगितल्याशिवाय ठराव मांडणाऱ्यांना न्याय मिळणार नाही. अमेरिकन बोर्ड या बोस्टनच्या मिशन संस्थेचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला त्यांचे ठाणे झाले. पुढच्या काही दशकांत जिल्ह्याच्या गावोगावी ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांतील बहुतेक कुटुंबे महार आणि मांग समाजांतील होती. गावकीच्या कामाबद्दल मिळणारे बलुते हा त्यांच्या पोटाचा आधार, आणि धर्म बदलला की तोच डळमळत असे. पाळकांचे आणि शिक्षकांचे पगार बोस्टनहून येणाऱ्या पैशातून होत. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले. मंडळीने आपला खर्च आपण चालवावा, आपला कारभार आपण पाहावा आणि सुवार्ताप्रसारही आपणच करावा, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १८७६-७८ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले, दुष्काळाच्या काळात पुष्कळ लोक मंडळीत आले, आणि पोटासाठी बाटलेले हा शब्द आमच्या वाडवडिलांना चिकटला. त्या शब्दाला त्यांनी वर्गणीने उत्तर दिले. माझी आजी भाकरीचे पीठ मळण्यापूर्वी एक मूठ पीठ वेगळ्या डब्यात टाकीत असे आणि रविवारी तो डबा घेऊन दोन मैल चालत उपासनेला जात असे. घरात पीठ पुरेसे नसे तेव्हाही ती मूठ चुकत नसे, कारण आम्ही नुसते घ्यायला नाही, द्यायलाही आलो आहोत, हे सांगण्याचे तिच्याजवळ दुसरे साधन नव्हते.

ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांचे उदाहरण याच संदर्भात मला नेहमी आठवते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांची पुढची बहुतेक सेवा नगरला मिशनच्या पगारावर झाली, आणि १९१७ मध्ये त्यांनी तो पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. पगार सोडला तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. परक्या पैशावर चालणारी भक्ती आपल्या मातीत रुजत नाही, हे टिळकांना जसे बोचत होते तसेच माझ्या आजीलाही बोचत होते. त्यांची भाषा वेगळी होती, एवढाच फरक.

म्हणून वर्गणी ही मुळात गरिबाच्या मानाची गोष्ट होती. ती गरिबाला मोजण्याचे माप कशी झाली, याचा मी खजिनदार असताना पुष्कळ विचार केला. मला सापडलेले कारण अगदी साधे आहे. ते पंचांगाचे कारण आहे. मिशनच्या शाळा आणि दवाखाने निघाले तसा मंडळीत एक वर्ग तयार झाला, ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळू लागला. आमच्याकडे अजूनही म्हातारी माणसे कंपाऊंडातले, म्हणजे मिशनच्या आवारातले, लोक आणि वाडीवरचे लोक असा भेद बोलण्यात करतात. कमिटी कंपाऊंडातल्यांची, म्हणून वर्गणीचे चक्रही महिन्याचे ठरले. आजीची मूठ रोजची होती, कारण चूल रोज पेटत असे. बाजरीवाल्याची वर्गणी सुगीला आली असती, ऊसतोडीला जाणाऱ्याची हंगामाच्या हिशेबानंतर, धुणीभांडी करणारीची जमेल तशी. आम्ही सगळ्यांना पगारदाराच्या तारखेला बांधले आणि जो त्या तारखेला चुकला त्याला थकबाकीदार म्हटले. मावशींच्या ७०० रुपयांतील निम्मी बाकी खरे तर तारखेची बाकी होती.

सुगीच्या सणाचेही असेच झाले आहे. हार्वेस्टच्या रविवारी वेदीपुढे कणसांच्या पेंढ्या, भोपळे, लसणाच्या वेण्या, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, घरी केलेले लोणचे असे सगळे मांडलेले पाहिले की आजही माझा ऊर भरून येतो. वर्षातला तो एकच दिवस असा आहे की ज्या दिवशी वाडीवरच्या माणसाचे दान कंपाऊंडातल्या माणसाच्या दानापेक्षा देखणे असते. उपासना संपली की अंगणात लिलाव सुरू होतो. बोली वाढते, घेतलेली वस्तू घेणारा पुन्हा दान करतो, ती पुन्हा लिलावात येते, आणि एका डझन अंड्यांचे दोन-अडीच हजार रुपये होतात. मुले हसतात, सगळे हसतात, मंडळीच्या दुरुस्तीच्या खर्चाची बरीचशी सोय होते. लिलाव बंद करावा असे मी कधी म्हटले नाही. पण सकाळी ज्याने भोपळा आणला त्याचे नाव दुपारी कोणी घेत नाही. ज्याने भोपळ्यावर तीन हजारांची बोली केली त्याच्या नावाने टाळ्या पडतात. एका वर्षी दोन घरांतील जुनी तेढ बोलीत उतरली आणि एका शेळीच्या पिल्लावर ११ हजारांपर्यंत बोली गेली. ज्या माणसाने ते पिल्लू आणले होते तो अंगणाच्या कडेला उभा राहून बघत होता. त्याच्या घरी त्या महिन्यात ११ हजार रुपये आले नव्हते. घरी जाताना त्याने मला विचारले की, आपण दिलेले दान किती रुपयांचे लिहिले. मी वहीत बोलीची रक्कम बोली करणाऱ्याच्या नावावर लिहिली होती. पिल्लू आणणाऱ्याच्या नावापुढे लिहायला वहीत रकानाच नव्हता.

आता बाकांकडे येते. नावाचा बाक ही नवी कल्पना नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडील ज्या न्यू इंग्लंडमधून आमचे पहिले मिशनरी आले, तेथील अनेक मंडळ्यांत बाक विकले जात किंवा भाड्याने दिले जात, आणि जागा जितकी मोक्याची तितकी किंमत अधिक असे. कुटुंबे तो बाक घरादाराप्रमाणे मुलांना वारशाने देत. इंग्लंडमध्ये १८१८ च्या कायद्याने सरकारने नवी चर्च बांधायला दहा लाख पौंड मंजूर केले. त्यामागचे एक कारण हेच होते की भाड्याच्या बाकांमुळे शहरांतील गरिबांना बसायला जागाच उरली नव्हती. अमेरिकेत १८६० मध्ये मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथातील एक गट वेगळा झाला आणि त्याने आपल्या नावात 'फ्री' हा शब्द घातला. त्या शब्दाला अनेक अर्थ होते, त्यांतील एक अर्थ बिनभाड्याचे बाक हा होता. आमच्याकडच्या खेड्यांत मात्र पुष्कळ काळ बाक नव्हतेच. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, पुढे मुले, आणि सगळे सतरंजीवर. सतरंजीवर कोणाचे नाव घालता येत नाही. पुढे बाक आले, पण मागची सतरंजी राहिली, आणि तिच्यावर कोण बसते हे आम्हा सर्वांना माहीत आहे.

पट्टी लावल्याने बाक कोणाच्या मालकीचा होत नाही, कोणीही कोठेही बसावे, असे ठराव मांडणारे म्हणतात. त्यांच्या मनात तसेच आहे, यात मला शंका नाही. पण ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसून चहा घेतला आहे, ती दुसऱ्याचे नाव कोरलेल्या बाकावर टेकणार नाही. त्या बाकाला पाटी नसली तरी ती दोनदा विचार करते.

बायबलात प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी एका माणसाचा सलाम कळवला आहे: एरास्त, नगराचा खजिनदार. हे पत्र ग्रीसमधील करिंथ येथून लिहिले गेले असे मानतात. त्याच करिंथमध्ये, जुन्या नाट्यगृहाजवळ, १९२९ मध्ये उत्खननात फरसबंदीचा एक दगड सापडला. एरास्त नावाच्या माणसाने नगराधिकाराच्या पदाच्या मोबदल्यात ही फरसबंदी स्वखर्चाने केली, असे त्यावर लॅटिन अक्षरांत कोरलेले आहे. हे दोन्ही एरास्त एकच की वेगळे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की त्या शहरात दान देणे आणि त्या दानावर आपले नाव कोरणे ही प्रतिष्ठित माणसाची रीतच होती, आणि मंडळीत आलेली माणसे ती रीत घेऊनच आली असणार.

त्याच करिंथच्या मंडळीला पौल प्रभुभोजनाविषयी लिहितो तेव्हा तो चिडलेला आहे. लोक एकत्र जमत, पण जो तो आपापले जेवण आधीच उरकून घेत असे. एक भुकेला राही, एक पिऊन तर्र होई. कोण आधी येत असतील आणि कोण उशिरा, हे ओळखायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. ज्याचा दिवस त्याच्या हातात आहे तो वेळेवर येतो, आणि ज्याचा दिवस धन्याच्या हातात आहे तो काम संपल्यावर येतो. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असा पौलाचा प्रश्न आहे. त्याने श्रीमंतांना मंडळीतून जायला सांगितले नाही, त्यांचे दानही नाकारले नाही. एकमेकांसाठी थांबा, असे सांगितले. आमच्या वर्गणीच्या तारखेबद्दल विचार करताना मला हे वाक्य फार उपयोगी पडले. बायबलातील याकोबाचे पत्र तर अधिक स्पष्ट आहे. सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगल्या जागी बसा म्हणणे आणि मळकट वस्त्राच्या माणसाला उभा राहा किंवा पायांशी बस म्हणणे, हा त्यातला दाखलाच मुळी बसण्याच्या जागेचा आहे.

पावत्या आणि हिशेब ठेवू नयेत, असे माझे म्हणणे नाही. आमचा न्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला आहे. लेखापरीक्षण होते आणि ते झालेच पाहिजे, कारण मंडळीच्या पैशाचा हिशेब झाकून ठेवला की काय होते हेही आपण सर्वांनी पाहिले आहे. पण जमा-खर्च मंडळीला सांगणे वेगळे आणि माणसांची क्रमवारी मंडळीला सांगणे वेगळे. कायद्याला पहिली गोष्ट हवी आहे. दुसरी आम्ही आपल्या हौसेने करतो.

मावशींच्या त्या उत्तरानंतर मी कमिटीपुढे तीन गोष्टी ठेवल्या. फलकावर केवळ एकूण जमा आणि एकूण खर्च लागावा. वर्गणी वर्षाची ठरावी, ती प्रत्येक कुटुंबाने स्वतः ठरवावी आणि जेव्हा पैसा येईल तेव्हा द्यावी. आणि लग्न, बाप्तिस्मा, दफन, दाखला यांपैकी कशाचाही वर्गणीशी संबंध राहू नये. पहिली दोन मान्य झाली, तिसरीवर चार बैठका गेल्या. यादी लावली नाही तर लोक देणारच नाहीत, असे एका वडीलधाऱ्या सभासदाचे ठाम मत होते आणि पहिल्या वर्षी त्यांचे म्हणणे काही अंशी खरे ठरले, जमा खरोखरच घटली. मोठ्या रकमा देणाऱ्या दोघांनी हात आखडला. दुसऱ्या वर्षी सुगीनंतर वाडीवरून इतके पैसे आले की तूट भरून निघाली. ज्या कुटुंबांना आम्ही थकबाकीदार म्हणत होतो, त्यांपैकी काहींनी स्वतः ठरवलेली रक्कम आमच्या जुन्या दरापेक्षा जास्त होती. सगळेच सुधारले असे मात्र नाही. कमिटीत वाडीवरचा माणूस अजूनही एकच आहे, आणि तो बैठकीत क्वचितच बोलतो.

मी हिशेब सोडल्यानंतर दारापाशी क्यूआर कोड लागला. त्यात वाईट काही नाही, तरुण मुलांजवळ रोख पैसे नसतातच. पण एका रविवारी दुकानात असतो तसा बोलणारा डबा दारापाशी मेजावर ठेवलेला होता, आणि प्रत्येक दान आले की तो रकमेचा आकडा मोठ्याने सांगत होता. पाचशे रुपये. दोन हजार रुपये. मग एका पोरसवद्या मुलाने फोन धरला आणि डबा म्हणाला, अकरा रुपये. त्या मुलाचा चेहरा मी पाहिला. पुढच्या रविवारी डबा काढून ठेवला, त्यासाठी मला वाद घालावा लागला नाही. यरुशलेमच्या मंदिरात दानासाठी कर्ण्याच्या आकाराच्या तेरा पेट्या होत्या, अशी नोंद यहुदी परंपरेत आहे. त्या भांडारासमोर बसून येशूने दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणारी विधवा पाहिली. तिच्यावर आपण पुष्कळ उपदेश ऐकतो, आणि ते बहुतेक वेळा वर्गणीच्या महिन्यात असतात. मार्काच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात तिच्या अगदी आधीच्या ओळींत विधवांची घरे गिळून टाकणाऱ्या आणि सभास्थानांत मुख्य आसने मागणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध आहे, तो भाग मात्र वाचनातून सुटतो. मी अकरा वर्षे भांडारापाशी बसले होते, म्हणून त्या दोन्ही भागांतले अंतर किती थोडे आहे हे मला दिसते.

सभेत मी मांडणार असलेली दुरुस्ती अशी आहे: बाक करून घ्यावेत, त्यांवर कोणाचेही नाव असू नये, बाकनिधीत १० रुपये दिलेल्यापासून १८ हजार दिलेल्यापर्यंत सर्वांना पावती द्यावी, आणि मागची सतरंजी कायमची उचलून तिथपर्यंत बाक न्यावेत. त्यासाठी सहा बाक जास्त लागतील, त्याचा खर्च मी काढून आणला आहे. मावशींनी या निधीत आतापर्यंत तीन वेळा पैसे दिले आहेत, हे मी खजिनदार नसल्यामुळे मला ठाऊक असायला नको होते, त्यांनीच सांगितले. दुरुस्तीला अनुमोदन द्याल का, असे मी त्यांना विचारले आहे. सभेत उभे राहून बोलायची त्यांना सवय नाही. सुनेला विचारून सांगते, असे त्या म्हणाल्या आहेत.